सत्यशीला मरकड यांच्या वतीने

१

माझं नाव राजेश्वरी अमृत कराळे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढे कुणी विचारेल याचा भरवसा नाही.

मी बेंजो वाजवते. मिरवणुकीत गाडीवर वाजतो तो बेंजो. लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि टाइपरायटरला असतात तशी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तारा छेडायच्या. माझे वडील बेंजो पार्टीत होते, त्यांच्याकडून शिकले. पार्टीत बाईमाणसाला कुणी घेत नाही, म्हणून मी एकटीच वाजवते. सोबतीला ढोलकीचे ठेके भरलेला एक छोटा डबा आहे. त्याला मी माझा पार्टनर म्हणते. तो वेळेवर येतो, पीत नाही आणि मधेच लग्नाला जायचंय म्हणून निघून जात नाही.

माझं काम 'पाहुणे येईपर्यंत' असतं. नगर जिल्ह्यात कुठलाही कार्यक्रम वेळेवर सुरू झालेला मी पाहिला नाही. मांडव भरतो, खुर्च्यांवर लोक बसतात, पुढच्या सोफ्यावर पांढरे टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या मांडून होतात, आणि पाहुणे अजून वाटेतच असतात. लोकांनी उठून जाऊ नये म्हणून कुणीतरी वाजवायला लागतं. ती मी. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की श्रीमंत सर हाताने खूण करतात आणि मी असेन तिथे थांबते. धरलेलं गाणं शेवटपर्यंत वाजवून कित्येक वर्षं झाली आहेत.

श्रीमंत सर निवेदक. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आवाज भारदस्त, पाठांतर पक्कं. कागद हातात धरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. कुणीतरी कानात नाव सांगायचं आणि सरांनी ते माईकवर सजवून म्हणायचं, अशी पद्धत. बहुतेक कामं मला तेच मिळवून देतात. पण माझी वेळ आली की म्हणतात, "तर रसिकहो, पाहुण्यांचं आगमन होईपर्यंत थोडी करमणूक!" त्या करमणुकीला नाव नसतं.

"सर, एकदा नाव घ्या की माझं," मी म्हटलं होतं.

"घेऊ की ताई, पुढच्या वेळी नक्की," सर म्हणाले होते. तेही बऱ्याच वेळा म्हणाले होते.

घरी तर माझं नाव कुणी घेतच नाही. अमृत, म्हणजे माझा नवरा, 'अगं' म्हणतो. सासूबाई 'सूनबाई' म्हणायच्या. कॉलनीत मी 'काकू', कामावर 'बेंजोवाल्या बाई'. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी स्टँडवर कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडतो. निदान त्या शहराला कुणीतरी हाक मारतं. मला हसू येतं आणि मग थोडं वाईटही वाटतं. एवढंच पाहिजे होतं मला. एकदा, माईकवरून, भरल्या मांडवात, माझं नाव.

२

राहात्याला बचत गटांचा मेळावा होता. भर दुपार, मंगल कार्यालय, वर पत्रा. पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. पाहुण्या नेहमीसारख्याच उशिरा आल्या, सरांनी खूण केली, मी थांबले आणि सत्कार सुरू झाले. शेवटी लोक पांगेपर्यंत आणखी थोडं वाजवायचं होतं म्हणून मी स्टेजच्या कोपऱ्यात बेंजोमागे बसून राहिले.

आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. पहिल्या हाकेला कुणी उठत नाही. उठलं तर बायका म्हणतात, बघा, टपूनच बसली होती. म्हणून नाव पुकारलं की आधी मान खाली घालायची, मग शेजारणीने कोपर मारायचं, आपण 'नको गं बाई' म्हणायचं, दुसरी हाक होते, आणि मग पदर सावरत उठायचं. फारच लाजरी असेल तर तिसरी हाक लागते. सर तीन हाकांची तयारी ठेवूनच असतात.

"सत्यशीला मरकड," सर म्हणाले.

कुणी उठलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. वेगळंच खटकलं. सरांनी नावाच्या मागेपुढे काही लावलं नव्हतं. सौ. नाही, श्रीमती नाही, ताई नाही. सर माईकवर मांडववाल्यालाही 'सन्माननीय' म्हणतात. हे नाव मात्र त्यांनी उघडंच घेतलं.

दुसरी हाक झाली. तिसरी झाली. गटाच्या अध्यक्षा राहीबाई दोन्ही हातांत उघडी शाल धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या बाईच्या हातात नारळ होता. खाली बायका माना वळवून एकमेकींकडे बघत होत्या.

"आता वो सर?" राहीबाई पुटपुटल्या. "उघडल्याली शाल परत घडी करत न्हाईत."

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांत जवळ मी होते.

"ताई, तुम्ही घ्या," ते म्हणाले. मग माईकवर, "सत्यशीला मरकड यांच्या वतीने हा सत्कार स्वीकारत आहेत आपल्या बेंजोवाल्या ताई!"

मी उठले. राहीबाईंनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. नवीकोरी, पिशवीतून नुकतीच काढलेली, घडीचे कोपरे अजून ताठ होते. आणि ती आतून उबदार होती. उन्हात वाळत घातलेल्या कपड्याची ऊब वेगळी असते. ही अंगाची होती.

फोटो निघाला, टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत स्टेजच्या मधोमध मी पहिल्यांदाच उभी होते. मी सगळीकडे वळून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून केला.

३

कार्यक्रम संपल्यावर मी राहीबाईंना गाठलं. म्हटलं, त्या बाईंचा पत्ता द्या, शाल पोचवते.

"कोन सत्यशीला?" राहीबाई म्हणाल्या. "आमच्या गटात न्हाई अशी कोन. आमाला वाटलं सरांच्या वळखीची असंल."

"मला तुम्हीच सांगितलंत ना कानात?" सर म्हणाले.

"म्या? म्या तर पाहुण्यांपाशी हुते. आन मी मोजून शाली आनल्या, ही एक जास्तीची कुठून आली त्ये बी मला कळंना."

सर गोंधळले. त्यांना चूक कबूल करायची सवय नाही, चाळीस वर्षं फळ्यापुढे काढली की ती जाते. "कुणीतरी बाईच होती," ते म्हणाले. "मागून सांगितलं. अगदी हळू." आणि त्यांनी हाताने मागची जागा दाखवली. स्टेजचा कोपरा. तिथे माझा बेंजो होता, त्याच्यामागे भिंत होती, आणि मधे मी बसले होते.

"मागे तर मीच होते, सर."

"मग तुम्हीच सांगितलं असेल," सर म्हणाले आणि विषय संपवून चहाला गेले.

घरी आल्यावर अमृत हसला. तो नागापूरला एमआयडीसीत लेथवर काम करतो, ज्या गोष्टीचं माप घेता येत नाही तिच्यावर फार वेळ घालवत नाही. "फुकटची शाल भेटली तरी तुला दुःख," म्हणाला, आणि त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळत होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. म्हटलं, वाटीत धरा, ओट्यावर सांडेल.

त्याने वाटी धरून नारळ फोडला. आत थेंबही नव्हता. खोबरं सुकून करवंटीपासून सुटलेलं होतं, कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या नारळाचं असतं तसं.

"जुना असंल," अमृत म्हणाला. त्याने रिकामी वाटी दोनदा पाहिली आणि मोरीत ठेवली.

४

पुढच्या महिन्यात आमच्याच कॉलनीचा वर्धापनदिन होता. नागापूरला कामगारांची वस्ती, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. संध्याकाळी मोकळ्या मैदानात खुर्च्या टाकल्या होत्या. श्रीमंत सर नव्हते, माईकवर आरती नावाची मुलगी होती. ती आमच्या समोरच राहते, आठवड्यातून दोनदा माझ्याकडून विरजण नेते.

मी तिला बजावून ठेवलं होतं. "आरती, माझं नाव घे हं. करमणूक म्हणू नकोस."

"काकू, घेणारच. टाळ्यापण वाजवायला लावते बघा."

मी तारा लावल्या, डब्यावर ठेका धरला. आरतीने माईक तोंडाशी नेला. "आपल्यासमोर बेंजोवादन सादर करतायत," ती म्हणाली, "सत्यशीला मरकड."

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. पुढच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका होत्या, ज्यांच्या डोहाळजेवणांत मी वाजवलंय, आणि त्यांच्यातली एकही हसली नाही, एकीनेही 'अगं, ही तर…' म्हटलं नाही. मी आरतीकडे पाहिलं. तिने अंगठा दाखवला.

मग मी वाजवलं. आणि हे सांगायला मला लाज वाटते, पण त्या दिवशी मी माझ्यापेक्षा चांगलं वाजवलं. डावा हात बटणांवर असा चालत होता की मी नुसती बघत बसले. एक चाल मधेच आली, ती वडिलांनी शिकवलेली नव्हती, मी कुठे ऐकलेलीही नव्हती. पाहुणे आले तेव्हा लोकांनी त्यांना बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले.

खाली उतरल्यावर मी आरतीला बाजूला घेतलं. "अगं, माझं नाव घे म्हटलं होतं ना?"

"घेतलं की, काकू. चांगलं जोरात घेतलं."

"कोणतं घेतलंस?"

ती जरा बावरली. "तुमचंच," ती म्हणाली.

मी स्वतःशी हिशेब लावला. राहात्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला असणार, त्याखाली कुणीतरी ते नाव टाकलं असणार, आरतीने तो पाहिला असणार, आणि ते नाव तिच्या तोंडात बसलं असणार. माणसाच्या डोक्यात अशी अडगळ साठते. हे सगळं पटण्यासारखं होतं. अमृतने मोबाईलवर शूटिंग केलं होतं, म्हणून घरी जाऊन लावलं. आरती माईक तोंडाशी नेते, 'सादर करतायत' म्हणते, आणि तिथेच माईक शिट्टी मारतो. शिट्टी थांबते तेव्हा टाळ्या चालू असतात.

"तुम्ही काय ऐकलंत?" मी अमृतला विचारलं.

"मी मोबाईल धरून हुतो गं, मागं दोघं बोलत हुती. मला काय नीट ऐकू आलं न्हाई," तो म्हणाला.

५

त्यानंतर कामं वाढली. बोलावणारे सरांना फोन करून 'त्या मरकडबाई पाठवा' म्हणायचे, आणि सर मला पाठवायचे. मी दर वेळी नाव दुरुस्त करायचे, समोरचा 'हो हो' म्हणायचा, आणि माईकवर तेच नाव यायचं. मी चांगलं वाजवत होते, तेही तिच्या नावावर जात होतं. मला तिचा राग यायचा. मग वाटायचं, ती बिचारी कुठे असेल, तिला माहीत तरी असेल का, की तिच्या नावाला नगर जिल्ह्यात एवढ्या टाळ्या पडतायत.

एके दिवशी सकाळी अमृत डबा भरून निघाला होता. मी दारात उभी राहिले.

"एकदा माझं नाव घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"माझं नाव. नुसतं नाव. उखाणा नकोय."

तो हसला. "काय पोरकटपणा लावलाय सकाळी सकाळी."

"घ्या ना."

त्याने तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे माझ्यावरून सरकून कपाटाकडे गेले आणि तिथेच थांबले, दुकानात काय आणायचं ते विसरल्यावर थांबतात तसे. मग त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. "उशीर होतोय," तो म्हणाला. "संध्याकाळी घेतो की." आणि त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मला त्याच्यावर संशय घ्यायचा नव्हता. आमच्याकडे नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, त्याच्या वडिलांनीही कधी घेतलं नसेल. लाजला असेल. मी तेच धरून बसले.

दुपारी कपाट उघडलं. राहात्याची शाल मी सगळ्यांत खाली, जुन्या कपड्यांत ठेवली होती. ती वरच होती. मी ती एकदाही वापरलेली नव्हती, पण उजव्या खांद्यावर येते तिथे ती घासून विरली होती, बोटभर रुंदीची पट्टी. मी माझ्या जुन्या ब्लाउजचा उजवा खांदा पाहिला. तिथेही तशीच पट्टी आहे. बेंजो ठेवायच्या पेटीचा पट्टा मी त्याच खांद्यावर घेते.

मी शाल घडी करून पेटीत ठेवली आणि ठरवलं, ही जिची आहे तिला देऊन टाकायची.

६

मरकड हे नाव पाथर्डीकडचं. योगायोगाने तिकडेच, तिसगावला एका मोबाईल दुकानाच्या उद्घाटनाचं काम आलं. बाजाराचा दिवस होता. मला गाडीवर अमृत घेऊन आला होता, काम उरकल्यावर मी त्याला म्हटलं, जरा मरकडांच्या वस्तीवर जाऊन येऊ. तो कुरकुरत आला, आणि वाटेत गाडी पंक्चर झाली. तो पंक्चरवाल्यापाशी थांबला आणि मी पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालत गेले.

दिवाळी होऊन गेली होती, वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेलेली. एकामागून एक घरांना कुलपं. अंगणात चुलीवरची राख तशीच होती आणि तारेवर एक विसरलेला सदरा वाळून कडक झाला होता. एवढी घरं असून कुठूनच भांड्याचाही आवाज येत नव्हता. शेवटच्या घरापुढे भागूबाई नावाची म्हातारी शेळ्यांना पाला टाकत बसली होती.

"सत्यशीला मरकड?" ती म्हणाली. "न्हाई बा. मरकडाची दोन घरं हायेत, दोनी तोडीला गेल्यात. त्येंच्यात असल्या नावाची कोन न्हाई." मग तिने माझ्या खांद्यावरची पेटी पाहिली. "शाल द्याला आलीस व्हय?"

शाल अजून पेटीतच होती. मी ती काढलीही नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"मागं बी एक बाई आल्ती. खांद्याला असलीच पेटी. म्हनली, एका बाईच्या वतीनं शाल घेतली, तिची तिला दिऊन टाकती. लई चालली हुती गं, पाय सुजल्यालं. पानी पेली हितं बसून."

"कुणाच्या वतीनं घेतली होती तिनं?"

"कराळे कायतरी." तिने पाल्याची एक काडी मोडली. "राजेश्वरी. व्हय, राजेश्वरी कराळे. म्या म्हनलं, कराळे हिकडं न्हाईत बाई, नगरकडं बघ."

एका शेळीने माझ्या पदराला तोंड लावलं. मी पदर सोडवून घेतला.

"कधी आली होती ती?"

"आता काय ध्यान ऱ्हातंय. पान्याच्या आधी आसंल, न्हाईतर मागनं आसंल."

"दिसायला कशी होती?"

भागूबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "तू समोर हायेस तवर तिचं त्वांड आठवंना," ती म्हणाली. "तू जा, मंग आठवंल."

परत येताना अमृतला सगळं सांगितलं. "म्हातारी हाय," तो म्हणाला, "तू आधी नाव सांगितलं असशील, तिनं तेच फिरवून दिलं." मी माझं नाव सांगितलं नव्हतं. पण गाडीवर मागे बसून वाद घालता येत नाही, वाऱ्यात शब्द उडून जातात.

मला खरं तर त्या वेळी भीती वाटली नाही. वाईट वाटलं. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी मांडवात, माझं नाव पुकारलं गेलं होतं. एकदा, दोनदा, तीनदा. शाल उघडून कुणीतरी उभं होतं. आणि मी तिथे नव्हते. कोपऱ्यात वाजवायला बसलेली एक बाई संकोचाने उठली आणि माझ्या वतीने वाकून नमस्कार करून गेली. तिलाही तेव्हा बरं वाटलं असेल का, असं मनात आलं. घरी पोचेपर्यंत दुसरं काही आलंच नाही.

७

मग सरांचा फोन आला. नगरला एका सभागृहात जिल्ह्यातल्या कलाकारांचा सत्कार होता, रविवारी सकाळी. "ताई, यंदा तुमचा सत्कार," सर म्हणाले. "पाहुणे येईपर्यंत थोडं वाजवा, आणि पाहुणे आले की पहिलं नाव तुमचं."

"सर, नाव कोणतं घेणार?"

"राजेश्वरी कराळे," सर म्हणाले. स्वच्छ, एकेक अक्षर. पुन्हा म्हणा म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी सरांना कळू दिलं नाही.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले. अमृत दुसऱ्या रांगेत बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. शाल मी पेटीच्या झाकणात ठेवली होती. तिसगावला दिली गेली नाही, आता कुठे द्यायची ते सुचत नव्हतं. सभागृहात एसी होता, पडदे होते, लाल गालिचा होता. मी कोपऱ्यात बसून वाजवलं. बाहेर हॉर्न वाजला, सरांनी खूण केली, मी थांबले. पाहुणे सोफ्यावर बसले. शाल उघडली गेली.

"राजेश्वरी कराळे," सर म्हणाले.

मागेपुढे काही न लावता म्हणाले. पण माझं नाव होतं ते. भरल्या सभागृहात, माईकवरून. ते शेवटच्या भिंतीपर्यंत गेलेलं मी ऐकलं. आणि मी मान खाली घातली. जन्मभराची सवय, पहिल्या हाकेला उठायचं नसतं. आता दुसरी हाक होईल, मग पदर सावरायचा, मग उठायचं. कोपर मारायला शेजारी कुणी नव्हतं म्हणून मी अमृतकडे पाहिलं, तो तरी 'ऊठ' म्हणून खुणावेल. तो माझ्याकडे बघत नव्हता. सगळी दुसरी रांग मागे वळून बघत होती.

शेवटच्या रांगांतून कुठून तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. गालिच्यावर पावलं वाजत नाहीत, ही जड पडत होती, सुजल्या पायांची.

"त्या उपस्थित नाहीत असं दिसतंय," सर माईकवर म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते.

"सर, मी आहे ना," मी म्हटलं. पण त्याच वेळी माझा उजवा हात तारांवर पडला होता, बेंजोचा स्पीकर चालूच होता, आणि सगळीकडे नुसता तारांचा झणकार झाला. सरांनी हात वर करून मला गप्प केलं, नेहमी करतात तसं.

"राजेश्वरी कराळे यांच्या वतीने…" सर म्हणाले.

ती पलीकडच्या पायऱ्यांनी वर आली. तिचं तोंड लोकांकडे होतं, माझ्याकडे पाठ. पाठीवर शाल होती, उजव्या खांद्याशी विरलेली. मी पेटीच्या झाकणात हात घातला. आत नुसतं लाकूड लागलं. पाहुण्यांनी तिच्या जुन्या शालीवर नवी शाल टाकली, नारळ दिला. ती सगळीकडे वळून वाकली, जरा जास्तच वाकली, पण माझ्या बाजूला वळली नाही. नारळाखाली तिची डावी बोटं हलत होती, बटणं दाबावी तशी एकामागून एक. मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तोही तीच बटणं दाबत होता.

टाळ्या फार वेळ चालल्या.

"आणि पुढच्या सत्कारापर्यंत थोडी करमणूक," सर म्हणाले, आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. "सत्यशीला मरकड!"

मी वाजवलं. दुसरं काय करणार? ती चाल आली, जी वडिलांनी शिकवलेली नव्हती. ती बाई माझ्याकडे पाठ करून उभीच होती आणि ऐकत होती, खांदे जरा खाली सोडून, फार चालून आल्यावर माणूस टेकतं तशी. कुणी खूण केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं गाणं पूर्ण झालं, शेवटच्या सुरापर्यंत.

मग दुसऱ्या रांगेत अमृत उठला. घरी निघायची वेळ झाली की तो उठतो तसा, खिशात गाडीची किल्ली चाचपत. त्याने स्टेजकडे पाहून हाक मारली.

"अगं!"

आम्ही दोघींनीही मान वळवली.